एका थपडेची भीती

दुभाष्यानं मधे बसायचं पण मधे यायचं नाही, हे अस्मिता कोथरूडच्या आपल्या जपानीच्या क्लासात वर्षानुवर्षं शिकवत आली होती. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘ते म्हणताहेत की’ असली शेपूट लावायची नाही. शिकवायची हे, आणि करायची भलतंच. चाकणच्या कारखान्यात जपानी साहेब म्हणाला, ‘हा माल बघून मला लाज वाटते,’ की ही मराठीत म्हणायची, ‘मालात अजून सुधारणेला वाव आहे.’ इकडचा इंजिनिअर म्हणाला, ‘त्यांना म्हणावं, चष्म्याचा नंबर तपासून घ्या,’ की ही जपानीत म्हणायची, ‘आम्ही पुन्हा एकदा तपासून बघतो.’ दोन्हीकडची माणसं हसून हात मिळवायची आणि पुढच्या मीटिंगलाही मॅडमच हव्यात म्हणायची. कारल्याला मीठ चोळून पाणी काढावं तसं ती वाक्यांचं करायची, आणि मग वाढायची.

कालपासून तिच्याजवळ एक वाक्य होतं. त्यातलं कडू काही केल्या निघत नव्हतं.

वाक्य हिराइवा-सानांचं होतं. पंचाहत्तरीचे, अंगानं बारके, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. धायरीच्या एका घरी त्यांना काही सांगायचं होतं, आणि दुभाषी म्हणून अस्मिता बरोबर जाणार होती. कामाआधी विषय समजून घ्यायचा ही तिची पद्धत, म्हणून तिनं त्यांना आदल्या संध्याकाळी क्लासवर बोलावलं. पोरं निघून गेल्यावर ते पुढच्या बाकावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सांगायला लागले.

त्यांच्या वडलांचं गावात केस कापायचं दुकान होतं. हात असा हलका, की रडकी पोरंसुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायची. तरुणपणी मात्र हे वडील युद्धात साधे शिपाई होते, न्यू गिनी बेटावर. सिंगापूर पडलं तेव्हा पकडलेले हिंदी सैनिक तिथं मजुरीला आणले होते. उपाशी, तापानं फणफणलेले. पुढं माघार घ्यायची वेळ आली आणि हुकूम सुटला, ज्या कैद्यांना चालवत नाही त्यांना मागं जिवंत ठेवायचं नाही. शिपायांना रांगेत उभं केलं. बंदुकांना संगिनी लावल्या. हिराइवांच्या वडलांसमोर जो कैदी आला, त्याचं नाव त्यांना ठाऊक होतं. उवा होऊ नयेत म्हणून ते सगळ्या कैद्यांची डोकी भादरायचे, आणि हा कैदी दर खेपेला छातीवर बोट ठेवून म्हणायचा, ‘भैरू. धायरी. पूना.’

“हुकूम होता,” अस्मिता हळूच म्हणाली. पाण्याचा पेला पुढं सरकवावा तशी.

“हुकूम होता,” हिराइवा-सान म्हणाले. ते तिला सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणायचे. “पण त्या रांगेतले दोघं नाही म्हणाले, सेन्सेई. एक म्हणाला, माझ्यानं होत नाही. दुसरा नुसताच उभा राहिला. सार्जंटनं दोघांना बुटाच्या तळव्यानं थोबाडलं, त्या दिवशीचा भात तोडला. आणि काही नाही. दुसऱ्या दिवशी ते दोघं सगळ्यांबरोबर चालत होते. माझे वडील म्हणाले, मला मरणाची भीती नव्हती. थपडेची होती. सगळ्यांदेखत खाव्या लागणाऱ्या थपडेची.”

बाहेर कर्वे रस्त्यावर बस करकचून थांबली, पुन्हा निघाली.

“हे वाक्य गाळू नका. नुसता हुकूम सांगितलात, तर मी इतक्या लांब खोटं बोलायला आलो असं होईल.”

मरायच्या आधीच्या उन्हाळ्यात वडलांनी हे मुलाला सांगितलं होतं. मुलगा दवाखान्यात त्यांची दाढी करत होता तेव्हा. त्यालाही आता तेरा वर्षं झाली. परदेशातल्या सैनिकांच्या स्मशानभूमीच्या नोंदी इंटरनेटवर चढल्या, त्यांत भैरूचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सापडलं, आणि ओळखीच्या ओळखीतून धायरीचा फोन नंबर लागला. भैरूची मुलगी अजून होती. चौऱ्याऐंशी वर्षांची.

आज सकाळपासून अस्मिताचा पाय घरात एका जागी ठरेना. इस्त्री केलेल्या कुडत्यावर तिनं पुन्हा इस्त्री फिरवली. गॅलरीत गेली, कशाला आलो ते विसरून आत आली. नवरा सलिल वर्तमानपत्राआडून तिच्या फेऱ्या बघत होता.

“पितृपक्षात दुसऱ्यांच्या पितरांचं भाषांतर,” तो म्हणाला. “आता फक्त कावळ्यांची बोली शिकायची राहिली तुझी.”

ती हसली नाही, तसा त्यानं पेपर खाली घेतला. “अगं, त्या म्हातारीला हे कळून काय मिळणार आहे? ऐंशी वर्षं झाली. सांगणारा मोकळा होईल, ऐकणारीचं काय?”

हाच प्रश्न तिच्या डोक्यात सकाळपासून वाटीतल्या कवडीसारखा खुळखुळत होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो आणखीच वाजायला लागला.

सिंहगड रस्त्यावर गाडी अडकली होती तेव्हा पियुषचा फोन आला. भैरूचा पणतू. पूर्वीच्या शेतावर आता याच्या इमारती होत्या.

“मॅडम, एक छोटीशी रिक्वेस्ट होती. आजीचा बीपी हाय असतो. त्यामुळं ते, म्हणजे डिटेल्स वगैरे, नका ना सांगू. आजारपणात गेले म्हणा. कैदेत आजारी पडले, एन्ड ऑफ स्टोरी. तसं खोटं पण नाहीये ना? आजारी तर होतेच.”

“तुम्हाला सगळं माहितीये?”

“त्यांच्या ओळखीच्या माणसानं सांगितलंय मला. मी घरात कुणाला बोललो नाहीये. प्लीज, मॅडम. तुम्हाला पण घरी कुणी म्हातारं असेल.”

शेजारी हिराइवा-सान काचेतून बाहेर बघत होते. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. अस्मिता फोनवर ‘बघते’ म्हणाली. पुण्यात ‘बघते’ म्हटलं की माणूस सुटतो, पण तिला सुटल्यासारखं वाटेना.

धायरीत इमारतीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता, ‘जपानी पाहुण्यांचे सहर्ष स्वागत’, आणि त्यावर पाहुण्यांपेक्षा मोठा पियुषचा फोटो. खुद्द पियुष पायऱ्यांवर शाल-श्रीफळ घेऊन उभा होता. घर पहिल्या मजल्यावर. गुळगुळीत फरशी, छताला निळसर दिवे, आणि भिंतीवर हार घातलेली सैनिकाची मोठी तसबीर. हिराइवा-सान तसबिरीपुढं थबकले, मग पियुषकडं वळले, पुन्हा तसबिरीकडं.

“फोटो नव्हताच ना त्यांचा,” पियुष ओशाळून म्हणाला. “मग कॉम्प्युटरवर बनवून घेतला. माझ्या फोटोवरनं.”

“ह्यो काय माजा बाप न्हाई,” आतून आवाज आला. “मिशा लावलेला पियुष हाय. मीच हार घालते न् मीच म्हनते, सुखी ऱ्हा बाळा.”

मथुराबाई काठी टेकत आल्या. नऊवारी, कपाळावर हिरवं गोंदण, तोंडाचं बोळकं. त्या सोफ्यावर बसल्या नाहीत. सतरंजीवर बसल्या, म्हणून सगळेच खाली बसले. हिराइवा-सान गुडघे मोडून ताठ बसले. अस्मिता दोघांच्या मधे, थोडी मागं.

“लांबून आलाय,” मथुराबाई म्हणाल्या. “पितरांच्या दिवसात आलाय. ह्यो पियुष म्हनत व्हता, पुडं ढकलू, चांगलं न्हाई दिसत. मी म्हनलं, ह्याच्याइतकं चांगलं कवा दिसनार?”

अस्मितानं ते जपानीत सांगितलं. हिराइवा-सानांनी मान लववली.

“मी पाळन्यात व्हते तवा बाप पलटनीत गेला. मला त्याचं तोंड ठावं न्हाई. मग सरकारी कागद आला, कैदंत मेला म्हनून. कवा, कसा, काय न्हाई. आयनं काय तो कागद मानला न्हाई. कुकू लावूनच मेली. दळायला बसली की एकच म्हनायची.” त्यांनी डोळे मिटले. गायल्या नाहीत, नुसतं सांगितलं, पण जात्याचा खुंटा हातात असावा तसा हात जरासा फिरला.

“बोट गेली बोट गेली, समिंदराला न्हाई वाट
माज्या हौशा राजसाची, कुन्या मुलखी झाली रात”

अस्मिताला जपानीत जुळवायला वेळ लागला. बोट गेली, समुद्राला रस्ता नसतो, माझ्या माणसाची रात्र कुठल्या देशात झाली. नुसता अर्थ. जात्याची घरघर कुठून आणणार?

हिराइवा-सानांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, “ती रात्र कुठं झाली ते मला माहीत आहे. ते सांगायलाच मी आलो.”

आणि ते बोलायला लागले. लहान लहान वाक्यं, कालचीच, त्याच क्रमानं. बेट. मजुरी. भूक. वडील. हुकूम. रांग. इथं ते थांबले, अस्मितानं आता हे मराठीत करावं म्हणून.

पियुष तिच्याकडं बघत होता. मथुराबाई तिच्याकडं बघत होत्या. अस्मितानं तोंड उघडलं आणि पंचवीस वर्षांची सवय आपोआप पुढं झाली.

“ते म्हणताहेत की... एका बेटावर होते तुमचे वडील. कैदेत. फार आजारी होते, आजी. ताप होता. यांचे वडील तिथंच शिपाई होते. शेवटच्या वेळी ते... जवळच होते त्यांच्या.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मथुराबाईंचा चेहरा हळूहळू सैल झाला. “जवळ व्हता,” त्या म्हणाल्या. “कुनीतरी जवळ व्हतं म्हना की. मला वाटायचं, एकलाच मेला. पानी पाजलं असंल तोंडात.” आणि त्यांनी दोन्ही हात जोडून, पार कपाळाला लावून, हिराइवा-सानांना नमस्कार केला. “ह्याच्या बापाचं उपकार झालं, सांग त्याला.”

अस्मितानं ते जपानीत सांगितलं नाही.

“पियुष,” मथुराबाई वळून म्हणाल्या, “म्हंजी आपली आवसच बराबर. तापानं गेला. भटजी म्हनायचे, तिथ ठावी नसंल तर आवसंला म्हाळ घाला, पन हत्यारानं मेला असंल तर चतुर्दशीला घालावा लागतो, न्हाईतर पोचत न्हाई. जल्मभर माज्या मनात खुटखुट, आपलं चुकत आसंल तर? बाप उपाशी ऱ्हात आसंल तर? मिटलं बग आज. आता मी मेले तरी तू आवसंलाच घाल.”

पियुष खाली मान घालून ‘हो आजी’ म्हणाला.

हिराइवा-सान त्या जोडलेल्या हातांकडं बघत होते. अगदी हळू ते जपानीत म्हणाले, “त्यांनी मला नमस्कार का केला? तुम्ही काय सांगितलंत, सेन्सेई?”

कारखान्यात असं झालं तर चहा मागवायचा, विषय बदलायचा. अस्मितानं इकडंतिकडं पाहिलं. छताचे निळे दिवे, तसबिरीतला मिशाळ पियुष, म्हातारीचे गुडघ्यांवर विसावलेले हात. चाकणला फार तर एखादा माल परत जायचा. इथं तिनं आत्ता एका मेलेल्या माणसाचा दिवस ठरवून टाकला होता. हे घर दरवर्षी तो पाळणार होतं, म्हातारी गेल्यावरही.

“आजी,” ती म्हणाली, “मी चुकले. मी अर्धंच सांगितलं. आता सगळं सांगते. त्यात जिथं ‘मी’ येईल, तो यांचा.”

“मॅडम, थांबा,” पियुष म्हणाला.

“तू थांब,” मथुराबाई म्हणाल्या. “सांग गं.”

अस्मितानं सांगितलं. आधी हिराइवा-सानांपाशी आपली चूक कबूल केली, मग ते एकेक वाक्य बोलत गेले आणि ती ते मराठीत करत गेली. माझ्या बापानं तुमच्या बापाला मारलं. संगिनीनं. ते आजारी होते, त्यांना चालवत नव्हतं, म्हणून. हुकूम होता. पण रांगेतल्या दोघांनी हुकूम ऐकला नाही. त्यांना थोबाडीत बसल्या, एक दिवस भात मिळाला नाही, आणि ते जगले. माझ्या बापालाही नाही म्हणता आलं असतं. तो मरणाला भ्याला नाही, एका थपडेला भ्याला. पुढं जन्मभर तो चांगला माणूस म्हणून जगला, आणि मी त्या चांगल्या माणसाच्या हातचं खाऊन मोठा झालो.

शेवटलं वाक्य काल नव्हतं. हिराइवा-सानांनी ते आत्ताच म्हटलं होतं, आणि तिनं ते जसंच्या तसं उचललं होतं. तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटत होता.

“अजून एक आहे,” हिराइवा-सान म्हणाले. “हे मी कालही तुम्हाला सांगितलं नाही.”

त्यांनी दोन्ही हात छातीपाशी दुमडले, हातावर हात ठेवला, आणि जोजवल्यासारखे हलवले. एकदा, दोनदा. म्हाताऱ्या पुरुषाचे ते रिकामे हात.

“डोकं भादरून घेताना तुमचे वडील दर खेपेला असं करून दाखवायचे. माझ्या बापाला ठाऊक होतं. नाव, गाव, आणि घरी तान्ही मुलगी आहे, हे सगळं ठाऊक होतं.”

हातांचं भाषांतर करावं लागलं नाही. बाकीचं अस्मितानं केलं.

आत स्वयंपाकघरात पियुषच्या बायकोनं, शेफालीनं, गॅस बंद केला. तेवढाच आवाज झाला. हिराइवा-सान पुढं वाकले. हात फरशीवर टेकले, आणि कपाळ टेकायला खाली झुकले.

“त्याला उठीव,” मथुराबाई म्हणाल्या. “पाया नको पडू म्हनावं. मला सोसायचं न्हाई ते.”

अस्मितानं सांगितलं. ते अर्धवट उठले, पण मान वर झाली नाही.

मथुराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बीपीची गोळी आणायला पियुष उठला होता, तो दारातच उभा राहिला.

“जोजवून दावायचा,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग अस्मिताकडं वळल्या. “आन् तू मघाशी माजे हात जोडून घेतलेस.”

“हो आजी.”

“आवसंला बसवलं असतंस त्याला. मी मेल्यावर बी तिथंच बसला असता, ताटाकडं बगत.”

अस्मितानं तेही जपानीत सांगितलं.

“पियुष, चतुर्दशी कवा हाय?”

“परवा. पण आजी, तू आधी गोळी...”

“सामान आजच आन. भटजीला फोन लाव.” त्या हिराइवा-सानांकडं बघत होत्या. राग होता की काय होतं त्या बघण्यात, अस्मिताला ओळखता येईना. “त्या दोगांची नावं काय?”

“कुठल्या दोघांची?” अस्मितानं विचारलं.

“जे न्हाई म्हनले. ज्यांनी मार खाल्ला.”

प्रश्न जपानीत गेला आणि हिराइवा-सानांची मान एकदम वर आली.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “मी वडलांना विचारलं नाही. दवाखान्यात सगळे दिवस मी त्यांच्याबद्दलच विचारत होतो. तुम्ही का केलंत, तुम्हाला काय वाटलं, नंतर झोप लागली का. त्या दोघांची नावं विचारायचं मला सुचलंच नाही.”

“ऐंशी वर्सं मी बी बापाचंच इचारलं,” मथुराबाई म्हणाल्या. “पन आता कळलं ना. एका बापाच्या पानाशेजारी आनखी दोन पानं वाढली तर घराला काय जड न्हाई. त्यांची बी कुठं तरी पोरं असतील. त्यांना कुनी सांगितलं असंल का, तुजा बाप न्हाई म्हनला म्हनून?”

हिराइवा-सान अस्मिताकडं वळले. मग त्यांनी विचारलं, परवा मी येऊ का? लांब, दाराशी बसेन.

अस्मितानं विचारलं.

“न्हाई,” मथुराबाई म्हणाल्या. “त्या दिशी घरचीच मानसं.”

“पुढच्या वर्षी?” अस्मितानं त्यांचा पुढचा प्रश्न सांगितला.

“माफीबिफी माज्याकडं न्हाई म्हनावं. ती ज्याची त्यानं संगं न्हेली. खरं बोलायला आला, ते मी घेतलं. पुडल्या वर्सी ती दोन नावं घिऊन आला, तर बगू. आला न्हाई तरी माजा बाप जेवनारच हाय.” त्या काठीवर जोर देऊन उठल्या. “शेफाली, च्या दे त्यांना. रिकामं धाडू नको.”

आणि त्या आत गेल्या. दार लोटलं नाही, पण परत बाहेरही आल्या नाहीत.

चहा झाला. शाल-श्रीफळ शोकेसवरच राहिलं. कुणी ते पुढं केलं नाही, कुणी मागितलं नाही. पियुष खाली सोडायला आला, फ्लेक्सकडं एकदा बघितलं, आणि अस्मिताशी काहीच न बोलता वर गेला.

गाडीत बसल्यावर हिराइवा-सानांनी विचारलं, “शेवटी त्या काय म्हणाल्या, ते मला पुन्हा सांगाल? म्हणजे, पुढच्या वर्षी ये, असंच ना?”

हो म्हणणं किती सोपं होतं. पंचाहत्तर वर्षांचा थकलेला माणूस, परतीचा लांब प्रवास. हो म्हटलं असतं तर त्याला विमानात दोन घास गेले असते.

“नाही,” अस्मिता म्हणाली. “ये असं त्या म्हणाल्या नाहीत. दोन नावं आणलीस तर बघू, एवढंच म्हणाल्या.”

त्यांनी मान हलवली. वडलांच्या तुकडीतलं आता कुणीच हयात नव्हतं, ते म्हणाले. मुलं असतील. मुलं शोधायची म्हणजे गावोगाव फिरावं लागेल, आणि दार उघडणाऱ्या प्रत्येकाला आधी हे सगळं सांगावं लागेल. सगळ्यांदेखत.

गाडी सिंहगड रस्त्याला लागली. पुढं वाहनांची रांग होती. ती हलेपर्यंत हिराइवा-सान फोनवर कुणाचा तरी नंबर शोधत राहिले.